आम्हाला छेदात घ्या

विलायतेत येऊन स्थिरावलेल्या मराठी आयटीवाल्यांमध्ये एक समज घट्ट बसलेला आहे. वैद्यकीय संशोधनात भाग घेणं हे भोळ्या किंवा गरजू माणसांचं काम, असा. जीपीकडून, म्हणजे घराजवळच्या डॉक्टरकडून, फोनवर संदेश येतो : अमुक एका अभ्यासासाठी तुम्ही पात्र असू शकता, इच्छा असल्यास कळवा. तो पुसून टाकायचा, आणि पुसल्याचं चारचौघांत सांगायचं. "आपण काय गिनीपिग आहोत का?" हे वाक्य मी गणपतीच्या आरतीनंतर ऐकलंय, क्रिकेटच्या मैदानावर ऐकलंय आणि ऑफिसच्या कँटीनमध्येही ऐकलंय. म्हणणारे सगळे शिकलेले, बहुतेक माझ्याच धंद्यातले. माझ्या मते हा शहाणपणा नाही, फुकटेपणा आहे. आणि त्याच दमात हेही म्हणायचंय की, इथली व्यवस्था ज्या पद्धतीनं आमच्याकडे संमती मागते, त्या पद्धतीला नकार मिळाला तर तिनं तक्रार करू नये. हे दोन्ही राग मी एकाच लेखात मांडतोय. ते आपसांत भांडले तर भांडोत.

आधी ही जीपी भानगड काय आहे ते सांगायला हवं, कारण पुण्या-नाशिकच्या फॅमिली डॉक्टरशी तिचं साम्य फक्त वेटिंग रूमपुरतं आहे. इथे दवाखान्याला 'सर्जरी' म्हणतात (कापाकापी होत नाही, पहिल्यांदा ऐकल्यावर माझी आई घाबरली होती). तुम्ही जिथे राहता तिथल्या एका सर्जरीत नाव नोंदवायचं. नोंदवलं की तुम्ही त्या यादीवर, मग पुढची दहा वर्षं तिकडे फिरकला नाहीत तरी चालतं. घर बदललं तर नोंदी तुमच्यामागून नव्या सर्जरीत जातात. रक्ताचे अहवाल, हॉस्पिटलातून आलेली पत्रं, लिहून दिलेलं प्रत्येक औषध, सिगारेट ओढता की नाही, सगळं एका जागी. आपल्याकडे हीच माहिती प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, मधल्या दोन वर्षांचे कागद गहाळ अशा अवस्थेत असते.

संशोधकाला या यादीची किंमत का वाटते? हॉस्पिटलला फक्त आजारी माणसं माहीत असतात. सर्जरीला आजारी आणि धडधाकट दोन्ही माहीत असतात. अपूर्णांकात वरचा आकडा मिळवणं सोपं असतं. खालचा, म्हणजे छेद, मिळत नाही. शंभर जणांना झटका आला हे हॉस्पिटल सांगेल. किती जणांमधून शंभर, हे सांगायला यादी लागते. शिवाय हॉस्पिटलातल्या चाचण्यांना नीटनेटका रुग्ण हवा असतो : एकच आजार, वय बेताचं, बाकी गोळ्या कमी. सर्जरीत येणाऱ्या सत्तरीच्या बाईला मधुमेह, गुडघे, रक्तदाब आणि एकटेपणा हे सगळं एकदम असतं. औषध शेवटी तिलाच द्यायचं आहे. मग ते तिच्यासारख्यांवर तपासलेलं नको?

मी लीड्समध्ये राहतो. इथून उत्तरेला गाडीनं गेलं की वेन्स्लीडेल नावाचं खोरं लागतं. मेंढ्या, दगडी कुंपणं, चीज. तिथल्या एज़गार्थ गावात विल्यम पिकल्स नावाचा डॉक्टर होता. खोऱ्यात कोण कुणाकडे जेवायला गेलं, कुठल्या जत्रेत कोण कुणाला भेटलं हे त्याला ठाऊक असायचं, कारण सगळेच त्याचे रुग्ण. १९२९ साली तिथे काविळीची साथ आली, तेव्हा एकाकडून दुसऱ्याकडे आजार जायला किती दिवस लागतात याचा हिशेब त्यानं या ओळखीतून मांडला. १९३९ साली त्याचं यावर पुस्तक आलं. हा हिशेब मोठ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेतून निघाला नसता, कारण कोण कुणाला भेटलं हे तिथे कुणाला कळणार?

दुसरा माणूस मला जास्त जवळचा वाटतो. ज्युलियन ट्यूडर हार्ट. वेल्समधल्या ग्लिनकोरग या कोळसाखाणीच्या गावात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला गेला आणि पुढे पंचवीसेक वर्षं तिथेच राहिला. गाव जेमतेम दोन हजारांचं. त्यानं गावातल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाचा रक्तदाब मोजला. दुखत असो वा नसो, सर्जरीत येवो वा न येवो. न येणाऱ्यांना शोधून काढलं. आज कुठल्याही दवाखान्यात गेलं की दंडाला पट्टा गुंडाळतात, पण तेव्हा तक्रार नसलेल्या माणसाचा रक्तदाब कशाला मोजायचा असाच प्रश्न डॉक्टर विचारत. खाणकामगार आणि त्यांच्या बायका या सगळ्यात वर्षानुवर्षं सामील झाल्या. १९९१ साली त्या कामाचा पंचवीस वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला, तेव्हा जवळच्या तशाच गावाच्या मानानं ग्लिनकोरगमध्ये पासष्टच्या आत मरणाऱ्यांचं प्रमाण कमी होतं. ट्यूडर हार्टचा आग्रह असा की रुग्ण हा आरोग्य निर्माण करणारा जोडीदार आहे, गिऱ्हाईक नाही. १९७१ साली त्यानं 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की चांगली वैद्यकीय सेवा गरजेच्या उलट्या प्रमाणात मिळते : जिथे जास्त हवी तिथे कमी. 'इन्व्हर्स केअर लॉ' म्हणून ते आजही शिकवतात. पुढे मी याकडे परत येणार आहे.

आणि १९६८ सालचा गर्भनिरोधक गोळीचा अभ्यास. १४०० जीपी, सुमारे ४७,००० बायका. अर्ध्या गोळी घेणाऱ्या, अर्ध्या न घेणाऱ्या. मोठ्या हॉस्पिटलात एकही बाई भरती करावी लागली नाही. गल्लीतले डॉक्टर आपल्याच रुग्णांबद्दल ठरावीक काळानं फॉर्म भरत राहिले. गोळीचे रक्तवाहिन्यांवर होणारे परिणाम, त्यात सिगारेटचा वाटा, आणि चाळीसेक वर्षांनी, २०१० साली, गोळी घेतलेल्या बायकांचा एकूण मृत्युदर वाढलेला नाही हा दिलासा, सगळं त्यातूनच निघालं. जगभर ज्या बायका ही गोळी घेतात, त्यात आपल्या आया-मावश्याही आल्या, त्या सगळ्या अनोळखी ४७,००० जणींच्या उधारीवर आहेत.

उधारी हा शब्द मी मुद्दाम वापरला. एप्रिल २०२१ आठवा. घरोघरी ताप, ऑक्सिजनसाठी फोनाफोनी, आणि व्हॉट्सॲपवर फिरणारी प्रिस्क्रिप्शनं : अझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन, आयव्हरमेक्टिन. मे महिन्यात तर गोवा सरकारनं अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा केली. त्या वेळी ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाची 'प्रिन्सिपल' नावाची चाचणी चालू होती. जीपींमार्फत आणि थेट नोंदणी करून, पन्नाशी-पासष्टी ओलांडलेले लोक कोव्हिड झाला की त्यात नाव घालत. कुणाला अमुक औषध मिळे, कुणाला नेहमीचेच उपचार; कुणाला काय, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरे. औषध पोस्टानं घरी यायचं आणि आज कसं वाटतं ते रोज कळवायचं. जानेवारी २०२१ मध्ये या चाचणीनं जाहीर केलं की घरी असलेल्या रुग्णांना अझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिनचा सरसकट उपयोग नाही. आपल्याकडे त्यानंतरही कित्येक महिने त्या गोळ्या वाटल्या गेल्या. एप्रिलमध्ये कळलं की दम्याचं साधं बुडेसोनाइड, ओढून घेण्याचं, बरं होण्याचे सुमारे तीन दिवस वाचवतं. त्याच महिन्यात भारताच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत सौम्य रुग्णांसाठी बुडेसोनाइड आलं. तेव्हा ज्याच्या बाबांच्या हातात तो इनहेलर दिला गेला, त्यानं "आपण काय गिनीपिग आहोत का" म्हणताना एवढं लक्षात ठेवावं की कुणीतरी होतं. इंग्लंडातल्या कुठल्यातरी गावातली सत्तर वर्षांची, तापानं फणफणलेली, आणि तरीही संध्याकाळी फॉर्म भरणारी माणसं.

इथपर्यंत फुकटेपणाचा मुद्दा झाला. पण खरं नुकसान वेगळंच आहे, आणि ते आपलंच आहे.

सॉफ्टवेअरमध्ये एक अनुभव सगळ्यांना येतो. ज्यांच्या नावांवर फॉर्म तपासला, त्यांच्या नावांना तो नीट चालतो. मधलं नाव वडिलांचं असतं हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या फॉर्मवर माझं नाव दर वेळी मोडतं. औषधांचंही तसंच आहे. फरक एवढाच की तिथे नावाऐवजी शरीर मोडतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघे शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. तक्त्याप्रमाणे दोघंही सडसडीत. आज इथल्या सूचनांमध्ये दक्षिण आशियाई माणसाचं वजन बीएमआय २३ पासूनच जास्त धरतात, गोऱ्यांसाठी २५ पासून. त्यामागे याज्ञिकांसारख्यांनी पुण्याभोवतालच्या गावांतून केलेलं कष्टाचं काम आहे.

हृदयविकाराचा धोका मोजायला इथले जीपी 'क्यू-रिस्क' नावाचं सूत्र वापरतात. २००८ साली त्याची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा 'भारतीय', 'पाकिस्तानी', 'बांगलादेशी' असे वेगळे रकाने त्यात आले. ते कशामुळे शक्य झालं? लाखो सर्जरी-नोंदींत तो शब्द टिपलेला होता आणि त्या नोंदी अभ्यासासाठी उपलब्ध होत्या, म्हणून. माझ्या चाळिशीत डॉक्टर त्या सूत्रात माझे आकडे घालून मला स्टॅटिन द्यायचं की नाही ते ठरवतील. आपण सगळ्यांनी हुशारीनं स्वतःला यादीतून काढलं, तर तो 'भारतीय' रकाना उरलेल्या थोड्यांवरून भरला जाईल, किंवा दुसऱ्या कुणावरून अंदाजानं. आणि तो तरीही आपल्यालाच लावला जाईल. आपण छेदातून निघून गेलो तरी अंशातून सुटका नाही.

आता दुसरा राग.

माझ्या क्षेत्रातले लोक माहिती द्यायला घाबरतात, यात वेडेपणा नाही. २०१३ साली इंग्लंडमध्ये 'केअर डॉट डेटा' नावाची योजना आली : सगळ्या जीपींच्या नोंदी एका केंद्रीय साठ्यात ओढायच्या. लोकांना कळवलं कसं? २०१४च्या जानेवारीत दारात पत्रकं टाकली. पिझ्झाच्या आणि गालिचे धुणाऱ्यांच्या पत्रकांसोबत. अनेकांच्या हाती ती पोचलीच नाहीत. फेब्रुवारीत योजना थांबवावी लागली, २०१६ साली गुंडाळली. यातून शहाणं व्हावं ना? २०२१च्या मे महिन्यात जवळपास तीच योजना नव्या नावानं आली, १ जुलैपासून लागू होणार म्हणून. नको असेल तर फॉर्म भरून आपल्या सर्जरीत द्या, मुदत काही आठवड्यांची. त्या उन्हाळ्यात दहा लाखांहून जास्त लोकांनी नकार नोंदवला आणि तारीख आधी पुढे, मग बेमुदत पुढे गेली. हे दहा लाख लोक संशोधनाच्या विरोधात होते असं मला वाटत नाही. गृहीत धरलं म्हणून ते चिडले होते.

वर "नाव काढून टाकलेलं असतं, काळजी नको" हे आश्वासन. हे ऐकलं की माझ्यातला इंजिनियर जागा होतो. ब्रिटनमध्ये एका पोस्टकोडात सरासरी पंधरा घरं असतात. माझ्या पोस्टकोडात, माझ्या जन्मवर्षाचा, 'भारतीय' रकान्यातला पुरुष किती असतील? मी एकटाच असणार. हात मोडून मी अमुक महिन्यात हॉस्पिटलात गेलो होतो एवढं कुणाला माहीत असलं की माझी बाकीची सगळी फाइल त्याच्यासमोर उघडी. नाव हा ओळखीचा सगळ्यात छोटा भाग आहे. हे ज्यांना कळतं तेच अधिकारी लोकांना सांगतात की नाव काढलंय, आणि याचा मला संताप येतो.

संताप जास्त यासाठी, की हे नीट करता येतं आणि करून दाखवलेलं आहे. इंग्लंडमधल्या बहुतेक सगळ्या जीपींच्या नोंदी ज्या दोन संगणकप्रणालींत असतात, त्या दोन्ही लीड्सच्याच कंपन्यांच्या. २०२० साली बेन गोल्डेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ओपनसेफ्ली' बांधलं. नोंदी जिथे आहेत तिथून हलवायच्याच नाहीत. संशोधकानं प्रश्न कोडमध्ये लिहायचा, कोड तिकडे जाऊन चालेल, आणि परत फक्त तक्ते येतील. कुणी काय विचारलं, कधी विचारलं, त्याची यादी जगाला खुली, कोडसुद्धा खुलं. जुलै २०२०ला त्यांचा पहिला मोठा निबंध 'नेचर'मध्ये आला, १ कोटी ७० लाखांहून जास्त प्रौढांच्या नोंदींवर आधारित. कोव्हिडनं मरण्याचा धोका कुणाला किती जास्त, आणि त्यात दक्षिण आशियाई लोक कुठे, हे त्यातून कळलं. एकाचीही फाइल कुणाच्या लॅपटॉपवर उतरली नाही. त्यामुळे "खाजगीपणा हवा की संशोधन हवं" असा जो पेच आपल्यासमोर ठेवला जातो तो बनावट आहे. चांगली बांधणी महाग पडते आणि तिला वेळ लागतो, एवढंच खरं आहे.

माहितीचं झालं. माणसांचं काय?

आमच्या ओळखीत एक आजी आहेत. मुलाकडे राहतात, साताऱ्याकडच्या, मधुमेह वीस वर्षं जुना. त्यांना मधुमेहाच्याच एका अभ्यासाचं पत्र आलं. सोबत माहितीपत्रक, चौदा पानं, इंग्रजीत. आजींना हे वाचून दाखवलं तेव्हा त्या चटकन "चालेल की" म्हणाल्या. एवढ्या लांब येऊन कुणाच्या उपयोगी पडता आलं तर बरंच, असं त्यांचं म्हणणं. फोन केल्यावर कळलं, सहभागी व्यक्तीला इंग्रजी वाचता आलं पाहिजे. दुभाष्याची तरतूद या अभ्यासात नाही. म्हणजे यादीनं त्यांना बरोबर शोधून काढलं आणि नियमानं बाहेर काढलं. नंतर याच अभ्यासाच्या अहवालात "दक्षिण आशियाई समाजाचा सहभाग कमी राहिला" असं वाक्य आलं, तर मला नवल वाटणार नाही. हे वाक्य इथल्या शोधनिबंधांच्या शेवटी सहीसारखं येतं. त्यात दोष नेहमी समाजाचा असतो.

ट्यूडर हार्टचा नियम इथे परत येतो. संशोधनासाठी नर्सचा वेळ लागतो, खोली लागते, फॉर्म भरणारं कुणीतरी लागतं. ज्या सर्जरीत आठवड्याभरानं दहा मिनिटांची भेट मिळते, तिथे हे कुठून आणणार? त्यामुळे संशोधन करणाऱ्या सर्जऱ्या जास्त करून बऱ्या वस्तीतल्या, आणि आजार जास्त करून दुसऱ्या वस्तीत. 'यूके बायोबँक'नं जीपीकडे नोंदलेल्या लोकांच्या याद्यांवरून ९२ लाख आमंत्रणं धाडली. सुमारे साडेपाच टक्के लोक आले, आणि आले ते सरासरी माणसापेक्षा सधन आणि सुदृढ निघाले.

मी स्वतः दोन अभ्यासांत नाव दिलं आहे. एकात प्रश्नावली होती, एकात रक्त. निकाल काय लागला हे एकाही ठिकाणाहून मला कळवलं गेलं नाही. मी विचारलं तेव्हा सर्जरीनं सांगितलं की ते संशोधकांचं काम. संशोधकांच्या पत्त्यावर पाठवलेला ईमेल परत आला. आम्ही एखाद्या वेबसाइटवर कुणी बग कळवला तर तो कधी सुटला हे त्याला आपोआप कळवतो. नळीभर रक्त देणाऱ्याला एक ओळ पाठवायला किती खर्च येतो? ज्याला पहिल्या खेपेला काहीच कळलं नाही, तो दुसऱ्या खेपेला कशाला येईल?

"भारतात तर याहून वाईट आहे," असं म्हणून हा विषय इथले लोक मिटवतात. आहेच. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. खम्ममला कित्येक मुलींच्या संमतीपत्रांवर सह्या होत्या त्या वसतिगृहाच्या वॉर्डनच्या. पुढे संसदीय समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले. 'गिनीपिग' हा शब्द आपल्या तोंडात असा सहज येतो तो त्यामुळे. त्याला इतिहास आहे, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. पण इतिहास एवढाच नाही. गडचिरोलीत 'सर्च'नं १९९५ ते ९८ मध्ये ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेतली. शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. काम करणाऱ्या गावातल्याच बायका होत्या, आरोग्यदूत. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरलं. १९९९ साली 'लॅन्सेट'नं ते छापलं. तिथे संशोधन आणि उपचार एकाच दारातून आत आले, आणि दार उघडणारी बाई ओळखीची होती.

म्हणून मागणी करायची तर सरळ करावी. माझ्या नोंदी वापरा, पण त्या जिथे आहेत तिथेच ठेवून. कोण काय विचारतंय ते मला दिसू द्या. निकाल मला कळवा, लागेल त्या भाषेत. मराठीत म्हटलं तर मी भाषांतर करून देतो, फुकट. आणि प्रश्न ठरवायच्या आधी आम्हाला विचारा. उपवास आणि मेटफॉर्मिन यांचं काय करायचं, हा प्रश्न आजींनी मला तीनदा विचारलाय. कुणाच्या यादीत तो असेल असं वाटत नाही.

या शेवटच्या मागणीसाठी जागा आहे, आणि ती रिकामी आहे. २०१५ पासून इंग्लंडमधल्या प्रत्येक सर्जरीला करारानं रुग्णांचा सहभागगट ठेवावा लागतो. आमच्या सर्जरीत त्याची बैठक तीन महिन्यांतून एकदा, बुधवारी संध्याकाळी साडेसहाला होते. मागच्या वेळी सात जण होतो. सहा निवृत्त इंग्रज आणि मी. विषयपत्रिकेवर पार्किंग, फोनवरची रांग आणि वेटिंग रूममधला बंद पडलेला टीव्ही. संशोधन हा विषय मी 'आयत्या वेळी'त घातला. अध्यक्षीणबाईंनी तो लिहून घेतला आणि विचारलं, तुमच्या समाजातलं आणखी कुणी येईल का? मी ग्रुपवर तारीख टाकली आहे. अजून तरी दोन अंगठे आलेत, आणि एकानं विचारलंय, चहा असतो का.